उत्तर ठरायच्या आधीचे कॅमेरे

निकॉनचा कूलपिक्स ९५० पहिल्यांदा हातात घेणारा माणूस तो मधून फिरवून बघतोच. कॅमेऱ्याचे सरळसरळ दोन भाग आहेत. एका भागात मूठ, पडदा, बटणं आणि चार पेन्सिल सेलांची जागा, दुसऱ्यात लेन्स. मधल्या सांध्यावर हे दोन्ही भाग स्वतंत्र फिरतात. पडदा आपल्याकडे ठेवून लेन्स आभाळाकडे वळवा, जमिनीकडे वळवा, नाहीतर उलटी करून आपल्याच तोंडाकडे करा. १९९९ सालचा हा कॅमेरा, पिक्सेल जेमतेम वीस लाख. आजच्या साध्या मोबाइलपुढे हा आकडा काहीच नाही. पण सप्टेंबरात सड्यावर सीतेची आसवं फुललेली असतात, तेव्हा त्या वितीएवढ्याही न वाढलेल्या जांभळ्या फुलांपाशी हा कॅमेरा नेऊन बघा. गवताच्या उंचीवर धरायचा, लेन्स आडवी, पडदा वर आपल्याकडे. एक गुडघा टेकला की काम होतं, चिखलात पोटावर झोपावं लागत नाही. आणि लेन्स फुलापासून दोन सेंटिमीटरवर आली तरी फोकस सुटत नाही. पाकळीवरच्या शिरा, देठावर चढणारी मुंगी, सगळं पडद्यावर दिसतं.

हा आकार ज्याने कुणी कागदावर काढला, त्याच्या मनात एक साधा प्रश्न आला असणार. आता रीळच उरलं नाही, तर लेन्स आणि डोळा एका रेषेत कशाला हवेत?

मला जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचा नाद लागला तो अशा प्रश्नांमुळे. साधारण १९९५ ते २००८ या काळात कॅमेरा म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दीडशे वर्षं जे यंत्र फिल्मभोवती, काचेभोवती बांधलं गेलं होतं, त्याचा गाभाच बदलला होता. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने उत्तर शोधलं, आणि ती उत्तरं एकमेकांशी अजिबात जुळत नव्हती. पुढे एक उत्तर ठरलं. आज दुकानात जाऊन चार कंपन्यांचे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे हातात घ्या, नाव झाकलं तर कोणता कुणाचा हे ओळखायला वेळ लागेल. सगळे उत्तम आहेत. पण मला ते वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलांसारखे वाटतात, सगळ्यांची वही सारखी. उत्तर ठरायच्या आधीचे कॅमेरे हातात घेतले की माणसं विचार करत होती, भांडत होती, धाडस करत होती, हे बोटांना कळतं. आणि हे सगळं आज काही हजारांत, कधी काही शेकड्यांत मिळतं.

एकेक उत्तर बघा. सोनीने १९९७ मध्ये माविका आणला, तो फोटो साठवायचा थेट साध्या साडेतीन इंची फ्लॉपीवर. आज ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या वेळी ऑफिसातल्या प्रत्येक संगणकाला फ्लॉपीची खाच होती. ना केबल, ना कार्ड रीडर, ना सॉफ्टवेअर. फोटो काढला, फ्लॉपी काढून समोरच्याच्या हातात दिली, संपला विषय. ऑलिम्पसने २००० साली ई-१० मध्ये दृश्य डोळ्याकडे वळवणारा आरसा वरखाली हलवायच्या ऐवजी प्रकाश दुभागणारा लोलक बसवला, म्हणजे अर्धवट प्रकाश डोळ्याकडे आणि उरलेला रिळाच्या जागी आलेल्या सेन्सरकडे, एकाच वेळी. फोटो टिपताना समोरचं दृश्य क्षणभरही अंधारत नाही.

सिग्माचा एसडी९ आला २००२ मध्ये. त्यातला फोव्हिऑन सेन्सर माझ्या मते त्या सगळ्या काळातली सर्वांत सुंदर कल्पना आहे. बाकी सगळे सेन्सर रंगांधळे असतात. त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी घालून रंग हिशेबाने काढला जातो. ही जाळी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं, आणि आजही जवळजवळ सगळा डिजिटल जगव्यवहार तिच्यावरच चालतो. फोव्हिऑनवाल्यांनी जाळी काढून टाकली आणि सिलिकॉनच्याच अंगच्या गुणाचा वापर केला. निळा प्रकाश सिलिकॉनच्या वरच्या थरातच शोषला जातो, हिरवा थोडा खोल जातो, लाल त्याहून खोल. मग एकाखाली एक तीन थरांवर मोजणी करा, प्रत्येक बिंदूवर तिन्ही रंग खरेखुरे मिळतात, हिशेब करून नाही. कॅमेरा संथ होता, अंधारात हात टेकायचा, पण चांगल्या उन्हात त्याच्या फोटोतलं दगडाचं पोत बघून मी अजूनही थबकते.

फुजीने एस३ प्रो मध्ये प्रत्येक जागी एक मोठा आणि एक छोटा असे दोन पिक्सेल ठेवले. मोठा पिक्सेल उजेडाने भरून वाहिला की छोटा शिल्लक असतो, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र कापडाच्या चुण्या जात नाहीत. एप्सन ही प्रिंटरवाली कंपनी, तिने २००४ मध्ये आर-डी१ काढला. डिजिटल असूनही त्याला शटर भरायचा दांडा आहे. प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने तो ओढायचा, आणि वरच्या तबकडीवर घड्याळासारखे काटे सांगणार की किती फोटो शिल्लक, किती बॅटरी उरली. हा कॅमेरा माझ्याकडे नाही. किमती ऐकून दोनदा फोन ठेवून दिला आहे.

या सगळ्याच्या मागे कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये जोडलेलं ते धूड आहेच, दहा हजार पिक्सेलचं, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेणारं. पण ती प्रयोगशाळेतली गोष्ट. मला रस आहे तो दुकानात विकलेल्या, लोकांनी गळ्यात अडकवून महाबळेश्वरला नेलेल्या यंत्रांमध्ये.

ही यंत्रं आता कुठे सापडतात? मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे नव्याबरोबर जुनंही मिळतं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चादरीवर मांडलेल्या चार्जर आणि रिमोटच्या ढिगात एखादा कॅमेरा निघतो, बहुतेकदा बॅटरीशिवाय. बंद होत आलेले फोटो स्टुडिओ हा तिसरा रस्ता. पण खरी खाण म्हणजे नातेवाइकांची कपाटं. २००० नंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडे घराघरांत कुणी ना कुणी अमेरिकेहून किंवा दुबईहून येताना कॅमेरा आणला. तो पाच-सात वर्षं मुंजी-बारशांत मिरवला आणि मोबाइल आल्यावर लॉकरशेजारच्या खणात गेला. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेचे आकडे पाहिले तर २०१० साली जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले. २०२३ मध्ये तोच आकडा ७७ लाखांच्या आसपास होता. मधले सगळे कोटी कुठे गेले असतील? बरेचसे खणांतच आहेत.

खरेदीचा आनंद हा वापराइतकाच मोठा आहे, आणि तो निम्मा तपासणीचा आनंद आहे. दुकानदार म्हणतो, "ताई, पीस एकदम क्लीन आहे, बॉक्सवाला आहे." मी मान डोलावते आणि मोबाइलचा टॉर्च काढते. लेन्स तिरकी धरून तिच्यातून टॉर्चचा झोत सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने बघायचं. धूळ चालते, धूळ सगळ्यांत असते. बघायची ती बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे, कधी झाडाच्या मुळांसारखे बारीक पांढरट धागे काचेच्या कडेपासून आत सरकत येतात. आपल्या हवेत, त्यातून कोकणपट्टीत, चार पावसाळे कातड्याच्या पिशवीत बंद राहिलेली लेन्स याशिवाय बाहेर येणं कठीण. "लाइट फंगस आहे, फोटोवर काही येत नाही," हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. ते काही अंशी खरंही असतं. कडेला थोडी असेल तर समोरून ऊन आल्याशिवाय फोटोत फरक जाणवत नाही. पण बुरशी काचेवरचा मुलामा खाते, साफ केल्यावरही डाग राहतो. म्हणून मी किंमत त्या हिशेबाने बोलते, आणि घरी आणलेली प्रत्येक लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात जाते. पुड्या दर पावसाळ्यात तव्यावर तापवून घेते.

मग बॅटरीचा खण उघडायचा. सेल आत विसरलेले असतील तर पत्र्यांवर पांढरा-हिरवट थर चढलेला असतो. थर हलका असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन निघतो, पत्राच गंजून तुटला असेल तर कॅमेरा खाली ठेवून द्यावा. मुठीचं रबर चिकट झालंय का ते बोट फिरवून कळतं. लेन्सवर टोपण लावून एक सेकंदाचा फोटो काढायचा आणि काळ्या चौकटीत पांढरे-लाल ठिपके किती ते मोजायचे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सेन्सर जिवंत आहे का. २००५ च्या सुमारास सीसीडी जातीचे काही सेन्सर उष्ण आणि दमट हवेत आतून निकामी होतात असं उघडकीला आलं आणि एकापाठोपाठ एक कंपन्यांनी ग्राहकांना सूचना काढल्या. त्या काळातल्या छोट्या कॅमेऱ्यांत फोटो जांभळा येतो, पट्टे येतात, कधी नुसताच काळा येतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. कॅमेरा सुरू होतो, लेन्स बाहेर येते, मेनू दिसतो, सगळं ठीक वाटतं. म्हणून एक तरी फोटो काढून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आणि कार्डं! यात मला खरोखर मजा येते. आज सगळं एसडीवर येऊन थांबलंय, पण तेव्हा कॉम्पॅक्टफ्लॅश होतं, स्मार्टमीडिया होतं, ऑलिम्पस आणि फुजीचं एक्सडी होतं, सोनीची मेमरी स्टिक होती. २००६ च्या आधीचे बरेच एसडी कॅमेरे दोन जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत. त्यामुळे आज लोक जे एक-दोन जीबीचं कार्ड कचऱ्यात टाकतात, ते मी मागून घेते. माझ्या सोनी एफ७१७ ला जुनीच मेमरी स्टिक लागते, तिची कमाल १२८ एमबी. पाच मेगापिक्सेलचे जेपीईजी काढले तर एका स्टिकवर साधारण जुन्या रिळाइतकेच, पुष्कळ झाले तर दुपटीइतके फोटो मावतात. मला ते पुरतात.

एका दुकानातून घेतलेल्या छोट्या कॅननमध्ये कार्ड तसंच होतं. घरी येऊन पाहिलं तर एका कुटुंबाचे दोन वर्षांचे फोटो. गौरींची आरास, पाटावर बसलेलं बाळ, नव्या स्कूटरला घातलेला हार, कुणाच्या तरी पंचाहत्तरीला ओवाळणाऱ्या बायका. दुकानदाराच्या वहीत विकणाऱ्याचा नंबर होता, त्यांनी स्वतःच फोन लावून दिला. पलीकडच्या बाईंना आपल्याकडे हे फोटो नाहीत हेच माहीत नव्हतं, त्या समजत होत्या की ते कुठल्या तरी सीडीवर आहेत. मी सगळे फोटो पाठवले आणि कार्ड पुसलं. तेव्हापासून हे माझ्या लक्षात आलंय की आपल्या घरांच्या इतिहासात नेमकी हीच दहा वर्षं सर्वांत जास्त विरळ आहेत. त्याआधीचे फोटो अल्बमात चिकटवलेले आहेत, त्यानंतरचे मोबाइलच्या खात्यात कुठेतरी साठलेले आहेत. मधले अडकलेत न वाचणाऱ्या सीडींवर आणि कुणाकडेच रीडर नसलेल्या कार्डांवर. जुन्या कॅमेऱ्यांचा नाद असलेल्या माणसाकडे सगळ्या जातीचे रीडर असतात. ओळखीपाळखीत आता लोक मला कार्डं आणून देतात, आणि मला ते काम फार आवडतं.

वापराबद्दल सांगायचं तर निकॉनच्या डी४० बद्दलच सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त तोच माझ्या खांद्यावर असतो. २००६ च्या शेवटी आलेला, साठ लाख पिक्सेलचा, त्या वेळचा सर्वांत साधा आणि स्वस्त निकॉन डिजिटल एसएलआर, म्हणजे आरशातून बघायचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. फोकसचे बिंदू तीन. आयएसओची, म्हणजे उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेची, सुरुवात २०० पासून. कागदावर बघितलं तर घेण्यासारखं काहीच नाही. पण त्यात एक अशी गोष्ट आहे जी त्याच्याहून कितीतरी महाग कॅमेऱ्यांत आजही सहसा मिळत नाही. फ्लॅश लावून शटरचा वेग १/५०० सेकंदापर्यंत नेता येतो.

हे का महत्त्वाचं ते उन्हाळ्यात कळतं. मे महिन्यात मावशीच्या गच्चीवर कुरडया घालायचं काम चालतं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवतात, गरम असतानाच सोऱ्यात भरतात आणि प्लास्टिकच्या कागदावर वेटोळी घालत जातात. मावशी ओणवी बसलेली असते, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, म्हणून चेहरा पूर्ण सावलीत. भोवती पांढरं रणरणतं ऊन. मोबाइलने फोटो काढला तर तो चेहरा उजळवतो, आभाळ निळं करतो, सावल्या पुसतो, आणि ऊन असं काही उरतच नाही. साध्या कॅमेऱ्याने काढला तर चेहरा काळा नाहीतर आभाळ पांढरं. उपाय जुना आहे: भर उन्हात फ्लॅश मारायचा. पण शटरचे दोन पडदे असतात. वेग वाढला की ते एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, त्यांच्यामधली फट सेन्सरवरून सरकत जाते, आणि फ्लॅशची लख्ख ठिणगी त्या फटीपुरतीच पडते. म्हणून बहुतेक कॅमेरे फ्लॅशसाठी १/२०० च्या आसपास थांबतात. मग भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत (आकडा मोठा, छिद्र लहान) आवळावं लागतं आणि कॅमेऱ्याच्या अंगचा छोटा फ्लॅश जेमतेम मीटरभर पोचतो.

डी४० मधला सीसीडी हे काम पडद्यांवर सोडत नाही. तो सगळ्या पिक्सेलांची मोजणी एकाच क्षणी सुरू करतो आणि एकाच क्षणी थांबवतो. त्यामुळे १/५०० ला फ्लॅश पूर्ण चौकटीवर पडतो, छिद्र एफ/१० पर्यंत उघडता येतं, आणि तोच इवलासा फ्लॅश पावणेदोन मीटरपर्यंत जातो. गच्चीवर मावशीपासून मी नेमकी तेवढ्याच अंतरावर बसते. पहिल्यांदा फ्लॅश चमकला तेव्हा ती म्हणाली, "अगं, एवढं ऊन पडलंय आणि वर आणखी दिवे कशाला लावतेस?" मग पडद्यावर फोटो दाखवला. पदराच्या आतला चेहरा, कपाळावरचा घाम, सोऱ्यातून उतरणाऱ्या चिकाच्या ओल्या तारांवरची चमक, मागे गडद निळं आभाळ, आणि ऊन उन्हासारखंच. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा मोठा करून दे." पुढच्याच वर्षी डी४०एक्स आला. त्यात पिक्सेल एक कोटी झाले आणि ही सोय गेली. जाहिरातीत पिक्सेलांचा आकडा मोठ्या अक्षरात छापता येतो, १/५०० चा येत नाही.

सीसीडी म्हटलं की हल्ली लोक कान टवकारतात. सीसीडीचे रंग वेगळे, फिल्मसारखे, असं सगळीकडे ऐकू येतं आणि जाहिरातीत तो शब्द आला की किंमत दुप्पट होते. मला हे पटत नाही. सीसीडी आणि आजचा सीमॉस यांत फरक आहे तो उजेडामुळे पिक्सेलमध्ये साठलेला विजेचा भार बाहेर कसा काढायचा याचा. सीसीडीत प्रत्येक पिक्सेल आपला भार शेजारच्याकडे सरकवतो, तो पुढच्याकडे, असं करत सगळं शेवटच्या एका दारातून बाहेर पडतं. सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशी तो भार मोठा करणारा स्वतःचा प्रवर्धक असतो. पहिली पद्धत संथ, वीज खाणारी, दुसरी चपळ आणि स्वस्त, म्हणून ती जिंकली. रंग ठरतो तो वरच्या जाळीतल्या रंगद्रव्याने आणि कॅमेऱ्याच्या आतल्या गणिताने. पुरावा हवा असेल तर त्या काळातच आहे. सोनीचा तो साठ लाख पिक्सेलचा एकच सीसीडी किती घरी नांदला! निकॉनच्या डी१००, डी७०, डी५० आणि डी४० मध्ये, पेंटॅक्समध्ये, कोनिका मिनोल्टाच्या ७डी मध्ये, आणि त्या दांडेवाल्या एप्सनमध्येही. मूळ एकच, फारतर थोडेफार फेरफार. तरी प्रत्येकाचा हिरवा निराळा, प्रत्येकाचा त्वचेचा रंग निराळा. म्हणजे चव सेन्सरची नव्हती, ज्यांनी रंगाचं गणित बसवलं त्या माणसांची होती. मला ही गोष्ट सीसीडीच्या दंतकथेपेक्षा जास्त आवडते. डी४० मधले लाल-केशरी रंग मला इतके का भावतात याचं उत्तर जपानमधल्या कुणा अभियंत्याच्या नजरेत आहे.

एफ७१७ बद्दल थोडं सांगते. हा आकारानेच वेगळा, नव्वद टक्के लेन्स आणि तिच्या पाठीला चिकटलेली छोटी पेटी. अंधारात फोकस करताना तो समोरच्या वस्तूवर लाल लेसर रेघांची नक्षी टाकतो. पण त्यातली खरी जादू म्हणजे नाइटशॉटचा खटका. प्रत्येक सेन्सरसमोर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण अडवणारी एक काच असते. खटका सरकवला की ती काच आतल्या आत बाजूला होते, 'खट' असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. हे दिलेलं होतं अंधारात फोटो काढता यावेत म्हणून. पण दिवसा लेन्सवर काळी अवरक्त फिल्टर चढवून बघा. दिवसा ही सोय वापरायला घेतली की कॅमेरा छिद्र पूर्ण उघडतो आणि वेग मंदच ठेवतो, म्हणून फिल्टरवर आणखी प्रकाश कमी करणाऱ्या करड्या काचा चढवाव्या लागतात. एवढा खटाटोप करून मी वाईला कृष्णेच्या घाटावर उभी राहते. झाडाची हिरवी पानं अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे ती पांढरी होतात. पाणी आणि स्वच्छ आभाळ काळं होतं. दगडी पायऱ्या करड्या राहतात आणि वर झाडांचे शुभ्र ढग तरंगतात. आज यासाठी लोक नवा कॅमेरा उघडून त्यातली काच कायमची काढून घेतात. इथे २००२ मध्ये ते एका खटक्यावर होतं, नको असेल तेव्हा परत पूर्ववत.

साठ लाख पिक्सेल पुरतात का, हे मला हमखास विचारलं जातं. डी४० चा फोटो ३००८ बाय २००० पिक्सेलचा असतो. छापखान्याच्या ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, मापाने तो दहा इंच रुंद, नीट छापून येतो. घरच्या फुल एचडी टीव्हीला वीस लाख पिक्सेल लागतात. मावशीचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय, तो बघताना कुणी पिक्सेल मोजलेले नाहीत.

जिथे हे कॅमेरे कमी पडतात तिथे ते खरंच कमी पडतात, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. देवळाच्या गाभाऱ्यात, रात्रीच्या मिरवणुकीत आयएसओ १६०० च्या पुढे त्यांचा फोटो रवाळ होतो. धावणारं मूल त्यांच्या तावडीत सापडेलच असं नाही. कुणाच्या लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढायचे असतील तर माझ्याकडून हे कॅमेरे मागू नका, मी देणार नाही. आणि आता कॉलेजातली मुलं जुने छोटे कॅमेरे घेऊन फिरतात, त्यांच्यामुळे किमती चढल्या, अशी माझ्या ओळखीतल्या काहींची तक्रार असते. मला तर ती मुलं बघून बरं वाटतं. फ्लॅशच्या कडक उजेडातले मित्रांचे चेहरे त्यांना आवडतात, ते आवडतात म्हणून खणातले कॅमेरे बाहेर येतात, त्यांच्या बॅटऱ्या पुन्हा बनतात, दुरुस्तीची माणसं टिकतात.

कारण खरी काळजी टिकण्याचीच आहे. साठ वर्षांपूर्वीचा फिल्मचा कॅमेरा चांगला कारागीर आजही उघडून, स्प्रिंग बदलून, तेल देऊन चालू करतो. डिजिटलचं तसं नाही. सेन्सर गेला, आतली पट्टी तुटली, एखादी चिप मेली की दुरुस्तीवाले काका हात जोडतात: "ताई, पार्टच येत नाही आता. दुसरा डेड पीस मिळाला तर त्यातून काढून घालतो." म्हणून मी बंद पडलेले कॅमेरेसुद्धा घेते. संग्रहालयात हे कॅमेरे काचेमागे राहतील, पण काचेमागच्या कूलपिक्सची मान फिरत नाही आणि एफ७१७ चा खटका वाजत नाही. या कल्पना समजायच्या तर त्या चालू असतानाच वापरल्या पाहिजेत, आणि चालू राहणाऱ्यांची संख्या दरवर्षी घटत जाणार. त्यातल्या काही सीसीडींना दम्याच्या माणसासारखी आपली दमट हवा सोसत नाही, ते वर सांगितलंच.

तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत खण उघडाल तेव्हा एवढं करा. कॅमेरा भंगारात देऊ नका. आधी सेल काढा, ते गळत असतात. मग कार्ड काढा, कुठल्याही जातीचं असलं तरी जपून ठेवा, त्यावर काय आहे ते वाचून घेता येतं. चार्जर सापडला तर कॅमेऱ्याबरोबरच बांधून ठेवा, नंतर तो वेगळा मिळत नाही. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र चार्जिंगला लावू नका. मग चालू करून बघा. इतकी वर्षं बंद असल्याने आतलं घड्याळ पुसलेलं असेल आणि तो आधी तारीख विचारेल. ती भरा आणि घरातल्याच कुणाचा तरी एक फोटो काढा. आणि नकोच असेल, तर मला कळवा. सध्या मी कूलपिक्स ४५०० च्या शोधात आहे. २००२ चा, चाळीस लाख पिक्सेलचा, मान फिरणाऱ्या त्या घराण्यातला. त्याचा झूम लेन्सच्या आतच होतो, काच पुढे सरकत नाही, म्हणून पक्षी बघणारी मंडळी ९५० सारखाच तो दुर्बिणीच्या डोळ्याला जोडायची. माझ्याकडे दुर्बीण आहे, तिला जोडायची कडीही मिळाली आहे, आणि नोव्हेंबरात भिगवणला रोहित पक्षी येतात.